थोरलीचा रोटर

बंब चोरीला गेला तो भर दुपारी, आणि घंटा वाजवत.

चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाने चारी बाजूंची वाहनं थोपवून त्याला वाट दिली. न्हाव्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं गळ्याला फडकी बांधलेली तशीच बाहेर आली. एका बाईने कडेवरच्या पोराचा हात धरून त्याला टाटा करायला लावलं. ऐंशी वर्षांचा लालभडक आगीचा बंब घणघणत निघून गेला, आणि आग कुठे लागली म्हणून सगळा रस्ता धूर शोधत वर बघत राहिला. चोराची अशी सरबराई आजवर कुठे झाली नसेल.

फोरमन त्या वेळी तीन गल्ल्या पलीकडे एका दुकानात पंपाचं पॅकिंग निवडत होता. घंटा त्यालाही ऐकू आली. आवाज ओळखीचा वाटला, म्हणून तो मनाशी हसलाही. आपल्या थोरलीसारखीच वाजतेय, असं तो दुकानदाराला म्हणालासुद्धा.

थोरली म्हणजे तोच बंब. फोरमनने अग्निशमन दलात चौतीस वर्षं काढली, अर्धी गाडीच्या स्टिअरिंगमागे आणि अर्धी वर्कशॉपात. भरती झाला तेव्हा स्टेशनातली सगळ्यात जुनी गाडी नव्या पोरांच्या माथी मारायची पद्धत होती. तशी थोरली त्याच्या वाट्याला आली. चालवायचा तो आणि शेजारी उभा राहून घंटेची दोरी ओढायचा त्याचा जोडीदार. त्या जोडीदाराला पुढे सगळं दल घंटाराव म्हणू लागलं, आणि त्याचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं.

थोरली भंगारात निघाली तेव्हा ती दाजींनी विकत घेतली. दाजी म्हणजे फोरमनच्या ताईचे यजमान. पत्र्याच्या डब्यांचा कारखाना, हाताशी पैसा, आणि छंद जुने बंब गोळा करण्याचा. बघता बघता सात झाले. त्यांच्यासाठी मोठी शेड बांधली, फाटक केलं, कॅमेरा लावला. फोरमन निवृत्त झाला, बायको आधीच गेलेली; ताई म्हणाली, वरची खोली रिकामीच आहे, ये राहायला. तो आला. सात बंब त्याच्या हवाली झाले. फाटकावर माणूस हवा होता, तर फोरमननेच शब्द टाकून घंटारावला आणलं. फाटकालगतच्या खोलीत घंटाराव आणि त्याची बायको राहू लागली.

आता रोटरचं ऐका, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा. इंजिनाला ठिणगी वाटणारी जी डबी असते, तिच्या टोपीखाली तो बसतो. तो काढून घेतला की ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही तर गाडी म्हणजे नुसतं लोखंड. जुन्या गाड्यांच्या किल्ल्या कुणीही चाकूच्या टोकाने फिरवतो, म्हणून दाजींनी नियम केला: दर रविवारी सातही इंजिनं सुरू करायची, पाच मिनिटं फिरवायची, बंद करायची, आणि सगळे रोटर काढून ऑफिसातल्या कपाटात ठेवायचे. कपाटात एक ते सात आकड्यांचे सात डबे. फोरमनने प्रत्येक रोटरवर सुईने आकडा कोरला होता. दाजींना या व्यवस्थेचा भारी अभिमान. आल्यागेल्याला आधी कपाट दाखवायचे, मग बंब. संग्राहकांच्या संघटनेत त्यांनी यावर भाषणही ठोकलं होतं.

सहा गाड्यांचे रोटर फोरमन इमानेइतबारे काढायचा. थोरलीचा काढायचा नाही.

का? विचारा कुणाही बंबवाल्याला. दलात पहिल्या दिवशी शिकवतात: गाडीचं तोंड बाहेर, टाकी भरलेली, आणि एका हँडलात, म्हणजे पुढचा दांडा एकदा फिरवला की, सुरू. मुतायला जाताना माणूस गाडीकडे बघून जातो, ती तयार आहे ना म्हणून. चौतीस वर्षं हे रक्तात भिनलेलं. बाकीच्या सहा गाड्या परक्या होत्या, कुठल्या कुठल्या गावच्या. त्यांचं काही वाटायचं नाही. पण थोरलीची टोपी उघडून तो तुकडा उपटायचा म्हटलं की त्याच्या हाताला मुंग्या यायच्या. जिवंत माणसाची जीभ काढून डब्यात ठेवतोय असं वाटायचं. पहिले दोन महिने त्याने काढला. मग एका रविवारी वर्कशॉपच्या भंगारातला एक तडकलेला, निकामी रोटर आणला आणि एक नंबरच्या डब्यात टाकून दिला. दाजींना तडा दिसणार नव्हता. दाजींना रोटर आणि बाटलीचं बूच यांतला फरक कळत होता तो फक्त डब्यावरच्या आकड्यामुळे.

चोरी झाली ती अशी. दोघे जण मागच्या छोट्या दाराचं कुलूप तोडून शेडमध्ये शिरले. भिंतीवर दाजींनी हौसेने मांडलेली पितळी शिरस्त्राणं होती, त्यांतली दोन डोक्यावर चढवली. मोठ्या दाराची आतली कडी काढली, थोरलीला हँडल मारलं, आणि घंटा वाजवत फाटकाकडे आले.

घंटाराव खोलीत जेवायला बसला होता. घंटा ऐकली आणि हातातला घास ताटात पडला. तो पळत गेला, फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. उष्ट्या हाताने. शिरस्त्राणवाल्या चोराने उलट सलामही केला, इतका तो पठ्ठ्या तयारीचा होता. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर घंटारावच्या डोक्यात उजेड पडला, की आपण आता दलात नाही.

कॅमेऱ्यात हे सगळं होतं. दाजींनी ते अकरा वेळा बघितलं.

"सलाम करतोय!" दाजी ओरडले. "माझ्या घरावर दरोडा घालणाऱ्याला हा सलाम करतोय! इन्स्पेक्टर साहेब, आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

इन्स्पेक्टर घाईत नव्हता. "पण गाडी सुरू कशी झाली? तुम्ही म्हणता तो तुकडा काढलेला असतो."

दाजींनी कपाट उघडलं. डबे एकेक करून टेबलावर मांडले. सात डबे, सात रोटर. "बघा! आमचा इथेच आहे. म्हणजे चोरांनी त्यांचा बरोबर आणला. कुठल्या गाडीला कुठला लागतो हे त्यांना आतून कळल्याशिवाय? फोरमन, तू सांग, बाहेरच्याला हे कळेल का?"

फोरमन टेबलापाशी उभा होता. एक नंबरच्या डब्यातला तडकलेला तुकडा त्याच्याकडे बघत होता. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की दाजी, हा खोटा आहे. खरा गाडीतच होता. चोरांना काही आणावं लागलं नाही, मीच त्यांच्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "बाहेरच्याला नाही कळणार."

एक 'नाही', आणि जन्माच्या जोडीदाराचा गळा कापून झाला. सुरी लागत नाही.

आणि हेही खोटंच होतं, की बाहेरच्याला कळणार नाही. महिन्यापूर्वी दाजींनी शेड लोकांना बघायला खुली ठेवली होती. एक टोपीवाला पाहुणा थोरलीपाशी येऊन म्हणाला होता, "दिसायला झकास आहे हो, पण शोभेचीच ना? चालत थोडीच असेल?" फोरमनच्या नाकाला मिरची झोंबली. "शोभेची? एका हँडलात उठते!" म्हणत त्याने तिथल्या तिथे हँडल मारलं आणि थोरली गुरगुरत जागी झाली. बॉनेट उघडलं नाही, कपाटाकडे गेला नाही. टोपीवाल्याने हसून टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांपूर्वीच दाजींनी त्याला कपाट दाखवून भाषण ऐकवलं होतं. त्याला दोन आणि दोन चार करायला कितीसा वेळ लागणार?

घंटारावला पोलिसांनी दोन दिवस आत ठेवलं. सोडलं, पण रोज सकाळी हजेरीला बोलावलं. दाजींनी फाटकालगतची खोली त्याच दिवशी रिकामी करून घेतली. घंटारावची बायको भांडी गोणीत भरत होती. फोरमन वरच्या खिडकीच्या पडद्याआडून बघत होता. उतरून गोणीचं एक टोकही त्याने धरलं नाही. खाली गेलो तर तोंडातून निघून जाईल, अशी भीती होती. आणि न जावो, अशी इच्छा.

लोक म्हणतात अपराधी माणसाला झोप लागत नाही. फोरमनला लागायची. जेवणही जायचं. त्याला त्याच गोष्टीची जास्त शरम वाटायची. फक्त एक व्हायचं: सकाळी हजेरीची वेळ झाली की हातातलं काम थांबायचं. आता तो बाकावर बसला असेल. आता हवालदार म्हणाला असेल, काय रे, आठवलं का काही? आता सही करत असेल. मग पुन्हा पाना हातात घ्यायचा.

सहाव्या दिवशी तो भेटायला गेला. घंटारावने एका लाँड्रीच्या मागे खोली घेतली होती. आत इस्त्रीची वाफ, भिंतीला ओल, एक खाट. त्याच्या बायकोने, वहिनींनी, पाणी दिलं आणि त्या बाहेर जाऊन बसल्या.

"चुकलं बघ माझं," घंटारावच आधी म्हणाला. "घंटा वाजली आणि फाटक उघडलं. मेंदूला विचारलंच नाही. पायच धावले."

"कुणाचेही धावले असते."

"कुणाचेही नाही. आपले." घंटाराव हसला. "आणि तो हरामखोर उलट सलाम करतो! आपल्या साहेबांनी कधी केला होता का रे इतका चांगला?"

फोरमनही हसला. त्याने पेला खाली ठेवला. "घंट्या, काही लागलं तर सांग. मी दाजींशी बोलतो. त्यांचा राग जरा निवला की..."

"फोरमन." घंटारावचं हसू गेलं नव्हतं, पण डोळ्यांत नव्हतं. "मी काय बहिरा आहे?"

"म्हणजे?"

"रविवारी मी फाटकापाशी बसून तुझी बॉनेटं मोजायचो. रोटर घालायला एकदा उघडायचं, काढायला एकदा. सात गाड्या. चौदा वेळा धाडकन् आवाज यायला पाहिजे. वर्षभर बाराच वेळा येतोय."

खोलीत इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज झाला, आणि पुन्हा झाला.

"पोलिसांना सांगितलंस?" फोरमनने विचारलं. आधी हेच विचारलं त्याने. या प्रश्नासाठी तो पुढे स्वतःला कधी माफ करणार नव्हता.

"नाही."

"का?"

"मी फाटक उघडलं ते मी सांगितलं. माझं ते माझं. तुझं तू सांगायचंस." घंटारावने पाण्याचा पेला उचलून कोपऱ्यात ठेवला. "चहा ठेवला असता, पण स्टोव्ह अजून गोणीतच आहे."

कुणाही माणसाने तिथून उठून सरळ पोलीस ठाणं गाठलं असतं. फोरमन घरी आला. आणखी दोन दिवस घालवून त्याने ताईला सांगितलं. ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, सुरी थांबवली नाही.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"घंटारावला."

"त्याचं कोण ऐकणार आता? मग झालं तर."

"ताई, त्याला रोज हजेरीला बोलावतात. चोर म्हणतात लोक त्याला."

"म्हणू देत. आठ दिवस म्हणतील, विसरतील." तिने सुरी ठेवली. डोळ्यांत पाणी होतं, ते कांद्याचं. "तुझ्या दाजींनी भर सभेत त्या कपाटाचं कौतुक केलंय. आता काय सांगतील लोकांना? की माझ्या मेहुण्यानेच डब्यात बूच भरलं होतं? ते तुला या घरात ठेवतील? आणि मला काय ऐकवतील आयुष्यभर? तू घरचा आहेस. तो फाटकावरचा आहे. गप्प बस."

घरचा आणि फाटकावरचा. एवढ्यात जगाची विभागणी झाली. अशी वाक्यं वाईट माणसं बोलत नाहीत हो; आपल्या बहिणी बोलतात, हातात सुरी आणि पुढ्यात कांदा घेऊन, आपल्याच काळजीपोटी. आणि आपण गप्प बसतो, कारण आपल्याला तेच ऐकायचं असतं. फोरमन गप्प बसला. रात्री जेवणात तो कांदाही खाल्ला.

अकराव्या दिवशी थोरली सापडली. शहराबाहेर बंद पडलेल्या एका पिठाच्या गिरणीच्या आवारात, ताडपत्रीखाली. घंटा नव्हती. पितळेचे नळ, दिवे, पाट्या, सगळं उतरवून नेलेलं. दात पाडलेल्या म्हातारीसारखी ती उभी होती. चोर तेवढ्यासाठीच आले होते. बाकी लोखंड त्यांना नको होतं.

ओळख पटवायला इन्स्पेक्टरने दाजींना आणि फोरमनला बोलावलं. दाजी गाडीभोवती फिरत होते, जिथे जिथे पितळ होतं तिथे तिथे बोट लावत होते. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. बंबावर त्यांचं प्रेम होतं, यात खोट नाही.

"हे उघडा जरा," इन्स्पेक्टर म्हणाला.

फोरमनने बॉनेट उचललं. डबीचे दोन्ही चाप काढले, टोपी बाजूला केली, रोटर उपसून तळहातावर घेतला. वर्षभरात पहिल्यांदाच. मुंग्या आल्या नाहीत. तेलकट काजळी बसलेली होती, आकडा दिसत नव्हता.

"हाच ना तो तुकडा? चोरांनी आणलेला?"

"दुसरा कुठला?" दाजी म्हणाले. "आमचा कपाटात आहे. ठेवून घ्या साहेब हा, पुरावा आहे. त्या सलामवाल्याच्या नरड्याला लावा."

फोरमनने काहीच करायचं नव्हतं. फक्त तो तुकडा इन्स्पेक्टरच्या हातात द्यायचा. काजळी होतीच. देवाने, दैवाने, कुणीतरी त्याच्यासाठी काजळी फासून ठेवली होती.

त्याने अंगठा ओला केला आणि काजळी पुसली. खाली सुईने कोरलेला एकचा आकडा निघाला. त्याने कोरलेला.

"आमचा आहे," तो म्हणाला.

"काय?" दाजी.

"हा आमचा. कपाटातला फुटका आहे, मी ठेवलेला. थोरलीचा रोटर मी वर्षभर काढलाच नाही. चोरांना काही आणावं लागलं नाही. घंटारावने त्यांना काही सांगितलं नाही. रोटर काढत नाही हे त्याला माहीत होतं आणि त्याने माझं नाव घेतलं नाही. त्या टोपीवाल्याला मीच सुरू करून दाखवली, बढाई मारायला."

दाजी हसले. खरंच हसले, कारण दुसरं काही सुचलं नाही. "साहेब, याचं डोकं ठिकाणावर नाही. जुना जोडीदार आहे ना, वाचवायला बघतोय. चल, घरी चल, आपण बोलू."

"आकडा बघा साहेब," फोरमन म्हणाला. "बाकीच्या सहांवरही आहेत, याच हाताचे. डब्यातला बघा, त्यावर काहीच नाही."

इन्स्पेक्टरने तुकडा उन्हात धरून बघितला. मग फोरमनकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या माणसाला मी दोन दिवस आत ठेवलं, नऊ दिवस हजेरीला बोलावलं," तो म्हणाला. "तुम्ही कुठे होतात?"

जबाब लिहून व्हायला दुपार झाली. दाजी आधीच निघून गेले होते, फोरमनला गाडीत न घेता. तो चालत आणि बसने परत आला, घरी न जाता सरळ लाँड्रीच्या मागे गेला. स्टोव्ह गोणीतून निघाला होता. वहिनी चहा करत होत्या. त्यांनी तिसरा कप काढला नाही.

"सांगितलं," फोरमन दारातूनच म्हणाला. "सगळं. लिहून दिलं. उद्यापासून तुला हजेरी नाही."

घंटाराव खाटेवर बसून मोजे रफू करत होता. दोरा दातांनी तोडला.

"किती दिवस झाले?"

"अकरा."

"अकरा दिवसांनी बंब आला, तर लोक काय म्हणतात रे आपल्याला?"

दोघांनाही माहीत होतं लोक काय म्हणतात. जळक्या घरासमोर उशिरा पोचल्यावर ते दोघांनी मिळून ऐकलेलं होतं, खाली मान घालून.

"मी दाजींना सांगतो, तुला परत..."

"नको. फाटकावर मी नको. उद्या पुन्हा घंटा वाजली तर पुन्हा उघडीन." घंटारावने मोजा उलटा करून बघितला. "तुला काही करायचंच असेल तर एक कर. पोलिसांच्या कागदात लिहिलंस, तो कागद कोण वाचतो? त्या रस्त्यावर शेडपासून चौकापर्यंत एकोणीस दुकानं आहेत. परवा मी त्या न्हाव्याकडे गेलो, तर त्याने समोरचं पाकीट उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं. माझ्या देखत. दलात असल्यापासून वीस वर्षं त्याने माझी दाढी केलीय." तो थांबला. "त्यांना सांग."

"एकोणीसही?"

"जमलं तर."

वहिनींनी स्टोव्ह बंद केला. तो फुसफुसून गप्प झाला. फोरमन वळला.

चौकातून सुरुवात करायची असं त्याने ठरवलं, म्हणजे घराकडे जाता जाता संपेल. घर अजून आपलं आहे की नाही, ते तिथे पोचल्यावर कळेल. पहिलंच दुकान न्हाव्याचं. आत खुर्चीवर एक गिऱ्हाईक फेस फासून बसलेलं, बाकावर तिघे वाट बघत.

"मला एक सांगायचंय," फोरमन म्हणाला. "त्या बंबाच्या चोरीबद्दल."

न्हाव्याने वस्तरा थांबवला नाही. "बसा की. नंबर येऊ द्या तुमचा."

बाकावरच्या तिघांनी सरकून जागा केली. फोरमन बसला. त्याने मांडीवर हात ठेवले. अंगठ्याला अजून काजळी होती. ती पुसायला रुमाल काढला आणि तसाच परत खिशात ठेवला. समोरच्या आरशात सहा जण दिसत होते. त्यांतला एक, तो स्वतःच, त्याच्याकडे बघत होता, आणि फोरमनने नजर हटवली नाही.